आकडे जपायचे तर परावर्तन करा

बरगी धरणाच्या जलाशयाची पातळी आणि त्या त्या पातळीला साठलेले पाणी, अशा दोन रकान्यांचा तक्ता तुमच्या हाती आला आहे असे समजा. पातळी दिली की साठा सांगेल असे त्रिघाती सूत्र त्यातून बसवायचे आहे. जबलपुरात इंजिनिअरिंग, गणित किंवा संख्याशास्त्र शिकणाऱ्या कोणालाही या ना त्या रूपात असले काम येतेच. बहुतेक जण ते वर्गात शिकवले तसे करतात: नोंदींची मॅट्रिक्स मांडायची, तिच्या ट्रान्सपोजने तिलाच गुणायचे, आलेली नॉर्मल समीकरणे सोडवायची. कागदावर या रीतीत काहीच खोट नाही. संगणकावर मात्र ती सोळापैकी पंधरा अंक खाऊन टाकू शकते, आणि तेही कुठलीही सूचना न देता. उत्तर छापून येते, आलेखही बरा दिसतो, आणि सहगुणक मात्र भरवशाचे नसतात.

हे टाळण्याचा रस्ता परावर्तनाच्या मॅट्रिक्समधून जातो. तो अवघड नाही, पण आपल्याकडे बऱ्याचदा परीक्षेपुरता शिकवला जातो. म्हणून तो इथे कामाच्या अंगाने मांडतो आहे.

आधी नुकसान नेमके कुठे होते ते पाहू. बरगीची पूर्ण जलाशय पातळी ४२२.७६ मीटर आहे. तुमच्या नोंदी वरच्या दहाएक मीटरमधल्या, म्हणजे ४१३ पासून ४२२.७६ पर्यंत सारख्या पसरलेल्या आहेत असे धरा. मॅट्रिक्सचे चार स्तंभ होतील: पहिल्यात सगळे १, दुसऱ्यात पातळी, तिसऱ्यात तिचा वर्ग, चौथ्यात घन. आता ४१३ आणि ४२२.७६ यांत फरक जेमतेम अडीच टक्क्यांचा. त्यामुळे पातळीचा स्तंभ हा जवळजवळ '१' च्या स्तंभाची पट असतो, वर्गाचा आणि घनाचाही तसाच. चारही स्तंभ जवळपास एकाच दिशेला तोंड करून उभे. त्यांच्यातल्या बारीकशा फरकात तुमची सगळी माहिती दडलेली असते.

हा फरक किती बारीक आहे ते कंडिशन नंबर सांगतो. आकड्यांतली इवलीशी चूक उत्तरात वाईटात वाईट किती पट होऊ शकेल, याचे ते माप. स्तंभांची लांबी सारखी करून घेतली तरी वरच्या मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर साधारण साडेतीन कोटी येतो. संगणकाच्या डबल प्रिसिजनमध्ये जवळपास १६ अंक असतात. साडेतीन कोटींची पट म्हणजे त्यांतले साडेसात गेले, आठ-साडेआठ उरले. पाणीसाठ्याच्या कामाला तेवढे रग्गड झाले. पण ट्रान्सपोजने गुणले की कंडिशन नंबरचा वर्ग होतो. साडेतीन कोटींचा वर्ग एकावर पंधरा शून्यांच्या पलीकडे जातो. उरला एखादा अंक. प्रश्न आठ अंक द्यायला तयार होता, ते आपल्या गुणाकाराने घालवले.

याहून लहान उदाहरण हवे असेल तर तीन ओळींची, दोन स्तंभांची मॅट्रिक्स घ्या. पहिला स्तंभ (१, इ, ०), दुसरा (१, ०, इ), आणि इ म्हणजे ०.००००००००१. दोन्ही स्तंभ वेगळे आहेत हे डोळ्यांना दिसते. ट्रान्सपोजने गुणा: कर्णावर '१ अधिक इ चा वर्ग' येतो, आणि संगणक तो १ असाच साठवतो. चारही जागी १, १, १, १. वेगळेपण गेले, समीकरणे सुटण्याजोगी राहिली नाहीत. इ चे आकडे सोडवण्याच्या पायरीवर हरवलेले नाहीत, त्याआधीच्या गुणाकारात हरवले. म्हणून पुढे कितीही चांगली पद्धत वापरली तरी ते परत मिळत नाहीत.

मग ही नॉर्मल समीकरणे इतकी रुळली कशी? याचे एक उत्तर जबलपूरच्या परिसरातच आहे. एकोणिसाव्या शतकात ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हेने देशभर त्रिकोणांच्या साखळ्या टाकल्या, त्यांतली एक जबलपूरची उत्तर-दक्षिण साखळी.  पुढे सर्व्हेचे प्रमुख जेम्स वॉकर यांच्या कारकिर्दीत मोजलेल्या कोनांतल्या चुका लघुतम वर्ग पद्धतीने एकत्रित वाटून घेण्याचे प्रचंड काम झाले. जबलपूरची साखळी 'आग्नेय चौकोन' या साखळ्यांच्या गटात धरली गेली आणि तिचा हिशेब १८८० साली छापलेल्या खंडात आहे. हे सगळे लॉगॅरिथमची कोष्टके घेऊन बसलेल्या माणसांनी हाताने केले. हाताने करताना शेकडो ओळींचे प्रकरण मोजक्या समीकरणांत आणणे हाच शहाणपणा होता, आणि जिथे अंक कमी पडतात असे वाटेल तिथे माणूस दोन अंक जास्त धरू शकतो. संगणक तसे आपणहून करत नाही. त्याला ठरलेले अंक दिलेले असतात आणि तो तेवढ्यांतच काम उरकतो. हाताच्या हिशेबाला योग्य असलेली रीत आपण यंत्रावर विचार न करता नेली, एवढेच झाले आहे.

आता परावर्तन. भेडाघाटला संथ पाण्यात नाव शिरते तेव्हा संगमरवराचा कडा पाण्यात उलटा दिसतो. कड्यावरचा प्रत्येक बिंदू पाण्यापासून जितका वर, तितकाच खाली जातो. डावी-उजवीकडे किंवा पुढे-मागे मात्र तसूभरही हलत नाही. परावर्तनाची मॅट्रिक्स हेच करते. पाण्याच्या पृष्ठभागाला लंब असलेली दिशा म्हणजे सदिश व. कोणत्याही सदिशाचा व च्या दिशेचा भाग उलटायचा, बाकीचा तसाच ठेवायचा. कृती अशी: दिलेल्या सदिशाचा आणि व चा अदिश गुणाकार काढा, त्याची दुप्पट करा, व च्या लांबीच्या वर्गाने भागा, आणि येईल तितक्या पट व मूळ सदिशातून वजा करा. झाले परावर्तन.

दोनदा परावर्तन केले की मूळ सदिश परत येतो. लांबी कधीच बदलत नाही, दोन सदिशांमधला कोनही बदलत नाही. ही लांबी न बदलणेच आपल्या कामाचे आहे. आकड्यांत शिरलेली चूकही एक सदिशच असते, आणि परावर्तन तिलाही फुगवत नाही. जेम्स विल्किन्सन यांनी अशा पद्धतींचा चुकांचा हिशेब बारकाईने मांडला. त्याचा अर्थ असा: परावर्तनांतून आलेले उत्तर हे तुमच्याच आकड्यांत शेवटच्या अंकाइतका फेरफार करून घेतलेल्या प्रश्नाचे अचूक उत्तर असते. तुमची पातळीची नोंद मुळात सेंटिमीटरपर्यंतचीच असेल, तर याहून जास्त काही मागण्यात अर्थ नाही.

हवा तो आरसा निवडता येतो, ही खरी गंमत. कोणताही स्तंभ घ्या, आणि असा आरसा शोधा की परावर्तनानंतर त्या स्तंभातली पहिली संख्या सोडून बाकी सगळ्या शून्य व्हाव्यात. हा विचार टर्नबुल आणि एटकिन यांच्या १९३२ च्या पुस्तकातही सापडतो. पण संगणकासाठी तो अल्स्टन हाउसहोल्डर यांनी १९५८ मध्ये अवघ्या चार पानांच्या लेखात मांडला, आणि जीन गोलब यांनी १९६५ मध्ये तो लघुतम वर्गाच्या प्रश्नांना कसा लावायचा ते दाखवले. आरसा शोधायची रीत सोपी आहे: स्तंभाची लांबी काढा आणि ती त्याच्या पहिल्या संख्येत मिळवा. बाकीच्या संख्या तशाच. तयार झाला व.

एक उदाहरण हाताने करून पाहा. कागद घ्याच, कारण वाचून जेवढे कळते त्याहून केल्याने जास्त कळते. मॅट्रिक्सचे दोन स्तंभ: (१, २, २) आणि (३, ०, ३). उजवी बाजू: (५, १, १०).

पहिल्या स्तंभाची लांबी १ + ४ + ४ = ९ चे वर्गमूळ, म्हणजे ३. पहिल्या संख्येत ३ मिळवले की (४, २, २). आरशाची दिशाच महत्त्वाची, म्हणून दोनने भागून व = (२, १, १). व च्या लांबीचा वर्ग ६. म्हणजे प्रत्येक वेळी अदिश गुणाकाराला ३ ने भागायचे आणि तितक्या पट व वजा करायचा.

पहिला स्तंभ: अदिश गुणाकार २ + २ + २ = ६, तिनाने भागून २. (१, २, २) मधून (४, २, २) गेले, राहिले (−३, ०, ०). दुसरा स्तंभ: ६ + ० + ३ = ९, तिनाने भागून ३. (३, ०, ३) मधून (६, ३, ३) गेले, राहिले (−३, −३, ०). उजवी बाजू: १० + १ + १० = २१, तिनाने भागून ७. (५, १, १०) मधून (१४, ७, ७) गेले, राहिले (−९, −६, ३).

साधारणपणे इथे पहिली ओळ बाजूला ठेवून उरलेल्या भागावर दुसरा आरसा लावतात, मग तिसरा. आपल्या उदाहरणात दुसऱ्या स्तंभाचा खालचा आकडा आपोआप शून्य आला आहे, त्यामुळे काम इथेच संपले. आता खालून वर या: −३ गुणिले दुसरा सहगुणक = −६, म्हणून तो २. मग −३ गुणिले पहिला, उणे ६, बरोबर −९. म्हणून पहिला १. उजव्या बाजूला तळाशी उरलेला ३ टाकून देऊ नका. सूत्र नोंदींपासून एकूण किती दूर राहिले, ते अंतरच तो आहे. पडताळा घ्या: पहिला स्तंभ एकदा आणि दुसरा दोनदा मिळवला की (७, २, ८) येते, मूळ (५, १, १०) पासून फरक (−२, −१, २), आणि त्याची लांबी ३.

यातून एक सोय लक्षात येते. उजवी बाजू मॅट्रिक्सला शेवटचा स्तंभ म्हणून चिकटवायची आणि सगळ्यांवर एकत्र परावर्तने चालवायची. उत्तर आणि उरलेले अंतर दोन्ही एकाच वेळी हाती येतात. सगळ्या परावर्तनांचा गुणाकार असलेल्या ज्या मॅट्रिक्सला पुस्तके क्यू म्हणतात ती वेगळी तयार करायची गरजच पडत नाही.

आता जिथे चुका होतात त्या जागा.

पहिली जागा चिन्हाची. आपण लांबी मिळवली, कारण पहिली संख्या धन होती. ती ऋण असेल तर लांबी वजा करायची, म्हणजे दोन्हींचे चिन्ह नेहमी सारखे राहील असे पाहायचे. उलटे केले तर काय होते? (१, ०.००००००००१) हा सदिश घ्या. त्याची लांबी संगणकाच्या लेखी १ च. पहिल्या संख्येतून लांबी वजा केली तर शून्य, आणि व होतो (०, ०.००००००००१). या आरशात पाहिले तर दुसऱ्या संख्येचे फक्त चिन्ह उलटते, ती शून्य होतच नाही. लांबी मिळवली असती तर व चा पहिला आकडा २ आला असता आणि सगळे सुरळीत झाले असते. जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी टाळायची, हा संख्यात्मक गणितातला जुना नियम इथे प्रत्यक्ष दिसतो. याच निवडीमुळे तयार सॉफ्टवेअरमधून येणाऱ्या त्रिकोणी मॅट्रिक्सच्या कर्णावर पुष्कळदा ऋण संख्या दिसतात. विद्यार्थी त्या पाहून दचकतात. चूक काही नाही; धन हव्याच असतील तर ती पूर्ण ओळ −१ ने गुणा, आणि क्यू वापरत असाल तर तिचा संबंधित स्तंभही.

दुसरी जागा, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त वेळ वाया जातो ती: परावर्तनाची मॅट्रिक्स खरोखर तयार करणे. पुस्तकात ती चौकोनी कंसात पूर्ण मांडलेली असते, म्हणून मुले प्रोग्रॅममध्येही तशीच बांधतात. दहा हजार नोंदी असतील, म्हणजे साधारण सत्तावीस वर्षांच्या रोजच्या नोंदी, तर त्या मॅट्रिक्समध्ये दहा कोटी आकडे होतात. प्रत्येकी ८ बाइट धरले तर ८० कोटी बाइट, एकाच आरशासाठी. व मात्र फक्त ८० हजार बाइटांत मावतो. चार स्तंभांना व वापरून परावर्तित करायला दीडेक लाख बेरजा-गुणाकार पुरतात. पूर्ण मॅट्रिक्सने गुणायला ८० कोटी लागतात. पायथॉनमध्ये लिहिताना कंस कुठे घालता यावरच हे ठरते: आधी व आणि स्तंभ यांचा अदिश गुणाकार, मग त्या संख्येने व ला गुणा. व चा व शी गुणाकार करून चौकोनी मॅट्रिक्स आधी बांधू नका. लॅपॅकसारख्या लायब्रऱ्या तर शून्य झालेल्या जागांतच व साठवतात, वेगळी जागासुद्धा घेत नाहीत.

खर्चाची भीती बाळगू नका. नोंदी पुष्कळ आणि सहगुणक थोडे असतील तर परावर्तनांना नॉर्मल समीकरणांच्या सुमारे दुप्पट श्रम पडतात. हजार नोंदी आणि चार सहगुणक म्हणजे सोळा हजारांच्या जागी बत्तीस हजार क्रिया. आजच्या कुठल्याही लॅपटॉपला तो फरक कळतसुद्धा नाही.

सॉफ्टवेअर वापरताना आत काय चालले आहे हे माहीत असलेले बरे. नमपायमधले क्यूआर फंक्शन लॅपॅकची हाउसहोल्डर परावर्तनेच चालवते. मॅटलॅब आणि ऑक्टेव्हमध्ये उलटी तिरकी रेघ (बॅकस्लॅश) वापरून चौकोनी नसलेली साधी भरीव मॅट्रिक्स सोडवलीत, तर नॉर्मल समीकरणे बनत नाहीत. आर भाषेतले एलएम फंक्शनही परावर्तनांवरच चालते, आणि त्याची एक सवय जाणून घ्या. एखादा स्तंभ आधीच्या स्तंभांच्या मिश्रणाच्या फारच जवळ असेल, मर्यादा एक कोटीत एक, तर ते तो स्तंभ वगळते आणि सहगुणकाच्या जागी 'एनए' छापते. वरच्या बरगीच्या उदाहरणात घनापर्यंत चालते. चौथा घात जोडलात की हा 'एनए' येतो. तो आला म्हणून मर्यादा सैल करू नका. या मांडणीत चौथ्या घाताचा स्तंभ आधीच्या स्तंभांपासून वेगळा ओळखता येत नाही, असेच सॉफ्टवेअर म्हणते आहे.

उपाय मर्यादेत नाही, मांडणीत आहे. पातळीतून ४१८ वजा करा आणि ५ ने भागा. आता चल −१ ते १ च्या आत आला. त्याच चार स्तंभांचा कंडिशन नंबर साडेतीन कोटींवरून पाचच्या आसपास उतरतो. नमपायच्या पॉलिनॉमिअल वर्गातले फिट फंक्शन हे स्थलांतर आपणहून करते. जुने पॉलिफिट करत नाही. मग कोणी विचारेल, एवढे केले तर नॉर्मल समीकरणांनी काय बिघडले? या एका उदाहरणात काही नाही. पण पाऊस, आवक, बाष्पीभवन, कालव्यात सोडलेले पाणी असे दहा चल एकत्र आले की कोणता कोणाच्या सावलीत आहे ते असे वजाबाकीने सुटत नाही. तिथे परावर्तनेच तुम्हाला सांभाळतात. मांडणी सुधारा आणि परावर्तनेही वापरा; एक केले म्हणून दुसरे सोडू नका.

नॉर्मल समीकरणे सगळीकडे टाकाऊ आहेत असेही नाही. ग्वाल्हेरला जन्मलेल्या नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये रेषीय नियोजनाची जी पद्धत दिली, तिच्या प्रत्येक पायरीत भारित लघुतम वर्गाचा प्रश्न सोडवावा लागतो. तिथल्या मॅट्रिक्स अवाढव्य आणि बहुतांश शून्यांनी भरलेल्या असतात. परावर्तन अशा मॅट्रिक्सवर चालवले की शून्यांच्या जागी आकडे भरत जातात आणि स्मृती संपते. म्हणून त्या क्षेत्रात ट्रान्सपोजचा गुणाकार आणि त्यातून येणारी समीकरणे सोडवणारी चोलेस्की पद्धत आजही वापरतात, योग्य ती काळजी घेऊन. शून्ये जपत परावर्तनांसारखीच खात्री हवी असेल तर वॉलेस गिव्हन्स यांची परिभ्रमणे आहेत. ती एका वेळी एकच आकडा शून्य करतात. रोज एक नवी नोंद येत असेल, तर जुनी त्रिकोणी मॅट्रिक्स ठेवून नवी ओळ तिच्यात मुरवायला ती फार सोयीची. पूर्ण स्तंभ एका फटक्यात साफ करायचा असेल तिथे हाउसहोल्डर, एखादी ओळ जोडायची तिथे गिव्हन्स, एवढे धरून चाला. स्तंभ एकमेकांना लंब करून घेण्याची ग्राम-श्मिटची पाठ्यपुस्तकी रीत मात्र प्रोग्रॅममध्ये आणू नका. स्तंभ एकमेकांच्या जवळ असले की तिच्यातून येणारे सदिश परस्परांना लंब राहत नाहीत.

स्वतःचा प्रोग्रॅम लिहिलात तर तपासणीसाठी वर हाताने सोडवलेले उदाहरण त्याला द्या. १, २ आणि उरलेले ३ आले पाहिजे. मग इ असलेली मॅट्रिक्स द्या. उजवी बाजू दोन्ही स्तंभांची बेरीज ठेवा, म्हणजे (२, इ, इ). सहगुणक १ आणि १ यायला हवेत. स्तंभातले सगळे आकडे शून्य असतील तर व च्या लांबीने भागाकार होणार नाही, याचीही सोय करून ठेवा. शेवटी आपल्या खऱ्या नोंदींच्या शेवटच्या अंकात एकाने फेरफार करून सूत्र पुन्हा बसवा आणि दोन्ही वेळचे सहगुणक शेजारी शेजारी लिहा. जितके अंक जुळतील तितकेच अहवालात छापा.